बसचालक ‘हो’ म्हणाले

मी, हब्तेआब वोल्देगाब्रिएल, वय ५१ वर्षे, मूळ राहणार केरेन, एरिट्रिया, सध्या राहणार ओलिडहेम, उमेओ, समक्ष हजर राहून सांगतो की,

व्यवसायाच्या जागी प्रथम ‘बेकार’ लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले. मी कारागीर आहे. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: मालमोटारीच्या स्प्रिंगचे जुने पाटे ठोकून केलेल्या कुऱ्हाडी व विळे, ब्रेकच्या जुन्या ड्रमच्या शेगड्या, विहिरीवरचा पंप, घरांचे दरवाजे, माझ्या आईची शवपेटी, आणि इथे आल्यावर शेजारीणबाईंच्या बर्फावरच्या ढकलगाडीला नवी पट्टी. शाळेत काही शिकलो नाही. उघडून पाहिले, तसा शिकलो.

उमेओत येऊन मला सात महिने झाले. बसने फिरायला मला याच शेजारीणबाईंनी, गुन्वोर यांनी शिकवले. पहिल्याच आठवड्यात थांब्यावर मी त्यांना विचारले, “ही बस दवाखान्याला जाते?” त्यांनी एकदम श्वास आत ओढला. ‘शुप’ असा आवाज झाला. ठसका लागला असे समजून मी त्यांच्या पाठीत धपाटे घातले.

“अरे मेल्या, मारतोस की काय मला! ‘हो’ म्हणाले मी!”

“हे ‘हो’?”

“इकडे उत्तरेत असंच. तोंड उघडलं की थंडी शिरते. आणि बसमध्ये तुझी ती बाजारातली बडबड नको. विचारायचं, शुप ऐकायचं, गुमान बसायचं.”

पुढे मी तो आवाज इतका हुबेहूब काढू लागलो की दुकानातल्या मुली हसत.

काल गुरुवारी दुपारी वासाप्लानच्या थांब्यावर मी बसमध्ये चढलो. बसची पाटी बर्फाने झाकली होती म्हणून चालकांना विचारले, “एर्सबुदाला जाते ना?” चालक साठीचे, पांढऱ्या मिशांचे. ते समोर बघत होते. त्यांनी श्वास आत ओढला. शुप. मीही शुप केले, आभार मानले आणि दुसऱ्या रांगेत बसलो.

बस निघाली. एका बाईंनी उतरण्यासाठी बटण दाबले. थांबा मागे गेला. बाईंनी पुन्हा दाबले. बसमध्ये कोणी काही बोलले नाही. मीही नाही. इथली रीत मला माहीत होती.

मग दिवा लाल असताना बस पुढे गेली. मी उठून पुढे गेलो आणि विचारले, “दादा, बरं आहे ना?”

शुप.

म्हणजे हो. मी जागेकडे वळलोही होतो. तेवढ्यात आरशात त्यांचा चेहरा दिसला. ओठ निळे होते. बाहेर बर्फ, आणि त्यांची कॉलर घामाने चिंब.

हातब्रेक त्यांच्या डाव्या हाताला होता, तो मी ओढला. पुढचे चाक बर्फाच्या ढिगात जाऊन बस थांबली. प्रवाशांपैकी कोणाला इजा नाही. बटण दाबणाऱ्या बाईंनी फोन केला. चालकांना खाली आडवे करून मी रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहिलो. ते वाचले नाहीत.

पहिला श्वास होकाराचा होता की त्रासाचा, असे मला विचारण्यात आले. मला सांगता येत नाही. इंजिन असते तर आवाजावरून सांगितले असते.

आज सकाळी याच ठाण्याच्या बाकावर त्यांची मुलगी आन्निका माझ्या शेजारी येऊन बसली.

“तूच होतास ना पुढे? बाबा शेवटी काही बोलले का?”

“मी विचारलं, बस एर्सबुदाला जाते का. ते हो म्हणाले.”

“कसं म्हणाले?”

मी करून दाखवले नाही.

हा जबाब दुभाषीबाईंनी मला तिग्रिन्या भाषेत वाचून दाखवला. दोन ठिकाणी ‘श्वास’ याऐवजी ‘उसासा’ झाले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी मी बोललो तसेच आहे. सही करण्याआधी एवढे आणखी लिहून घ्यावे.

ठाण्याच्या दारात एका वर्तमानपत्राचा माणूस उभा आहे. बस वाचवणारा म्हणून त्याला माझा फोटो हवा आहे, तसल्याच एका बसच्या स्टिअरिंगवर हात ठेवून. मी म्हणालो, “त्यांना श्वास पुरत नव्हता आणि मी आभार मानून जागेवर बसलो, हे छापाल?”

“ते कशाला, काका? लोकांना चांगली बातमी हवी असते.”

मी नकार दिला. त्याने देऊ केलेली रक्कम दहा हजार क्रोनर.