खोटा भोंगा

कोपरखैरण्याच्या बसथांब्यावर रांगेत बाळाबाईंच्या पुढे बाप-लेक उभे होते. बाप तुर्भ्याच्या केमिकल कारखान्यात कामाला, लेक त्याच कारखान्यासाठी कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिणारी.

“गॅस गळला की प्रोग्रामने भोंग्याला हाक द्यायची. प्रोग्राम आपल्याला उलट काहीच सांगत नाही, बाबा.”

“मग हाक दिली हे कळणार कसं? तपासायला रोज भोंगा वाजवलास तर माणसं पळत सुटतील.”

“म्हणून खऱ्याच्या जागी प्रोग्राममध्येच एक खोटा भोंगा लिहिला. हाक आली की तो नुसती नोंद करतो.”

“आली?”

“सोमवारी नाही आली. चूक माझीच होती. सुधारल्यावर आली.”

बाळाबाईंची बस आली, पण पुढचं ऐकायला त्या चढल्या नाहीत.

“आता शनिवारी थोडा गॅस सोडून खरा भोंगा तपासणार.”

“शनिवारी माझी सुट्टी.”

“म्हणूनच शनिवार मागितला.”

“तरी येईन. गॅसच्या टाकीपाशीच उभा राहीन.”