बाटलीला बांधलेला लाल दोरा

कोणी स्टीलची बाटली पुढे केली ना, की मी आधी वास घेतो आणि मगच पितो. हसू नका, अंबडला कारखान्यात नोकरीला होतो तेव्हा लागलेली सवय आहे ही.

आम्ही सगळे मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटल्याच पुन्हापुन्हा भरून आणायचो. कंपनीने त्या बंद केल्या आणि सगळ्यांना स्टीलच्या बाटल्या दिल्या, त्याही एकजात सारख्या! दाराजवळच्या फळीवर ठेवल्या की कोणाची कुठली, पत्ता लागेना. म्हणून मी माझ्या बाटलीला वणीच्या देवीचा लाल दोरा बांधला. शेजारच्या मशीनवरचे बोरस्ते आप्पा, दिंडोरीचे, बघून म्हणाले, "लय भारी आयडिया हाय!"

सोमवारी आप्पा वणीच्या गडावरून लाल दोऱ्याचं अख्खं रीळच घेऊन आले. "देवीचा दोरा हाय, बाटलीला बांधा." देवीचा म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? फळीवरच्या झाडून सगळ्या बाटल्यांना लाल दोरे!

जेवणाच्या सुट्टीत मी अंदाजाने एक उचलून तोंडाला लावली, तर कडूजहर! मला काही कळेना. पाणी नासलं, बाटली खराब निघाली, की मलाच काही झालंय?

"आप्पा, हे काय आहे हो?"

आप्पांनी वास घेतला. "कारल्याचा रस. माझीच बाटली हाय. शुगर निघाल्यापासून बायको रोज भरून देती. घरी गेल्यावर रिकामी दाखवावी लागती."

"अहो, मग घ्या ना तुमची!"

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला. सगळ्यांना दोरे काय उगाच वाटले का?"