चारशे बाराच्या घरचा खरवस

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, पशुपैदास केंद्रातले माझे सहकारी आणि भाषणं कधी संपतात याची वाट पाहत मागं बसलेले सर्वजण, आपणा सर्वांना या फहमिदाचा आदाबही आणि नमस्कारही.

मघापासून माझ्या निरोपाच्या निमित्तानं माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. मॅडमनी गावोगावच्या गोठ्यांत दूध वाढवलं म्हणे. मंडळी, गावोगावचे गोठे पाहिले ते आपल्या केंद्रातल्या सांडूभाऊंनी. गुरांच्या शेपटीचे केस मुळासकट काढून ते पाकिटात आणायचे. मी खोलीत बसून त्या मुळांतल्या जनुकांच्या खुणा वाचायचे. ज्या गायींचं दूध मोजलेलं आहे, त्यांच्या खुणांशी त्या ताडून बघायचे आणि सांगायचे, की या कालवडीत दुधाचा गुण किती आहे आणि तिच्या वासरांत तो किती उतरेल. यालाच आपण पैदास मूल्य म्हणतो. वासरू अजून नीट उभंही राहत नसतं आणि आमचा आकडा तयार असतो. पण पुढं ती कालवड व्याली का, घरच्यांना आनंद झाला का, हे माझ्या खोलीपर्यंत कधी येत नसे. माणसानं पाकिटांशी किती वर्षं बोलावं?

म्हणून मागच्या आठवड्यात मी एसटीनं देवगाव रंगारीला गेले. माझ्या पाकिटावरची चारशे बारा नंबरची कालवड तिथली. दिसायला मरतुकडी, म्हणून घरचे तिला कन्नडच्या बाजारात विकायला निघाले होते. माझा आकडा म्हणाला ठेवा, आणि सांडूभाऊंनी तसा निरोप पोचवला. ती नुकतीच व्याल्याचं या वेळी पहिल्यांदाच कानावर आलं होतं. दारात घरधनीण आशाबाई उभ्या होत्या. मी विचारलं, "चारशे बारा इथंच असते ना?"

त्या म्हणाल्या, "असं कुनी राहत नाय इथं."

हसा, हसा. तिचं नाव चांदी आहे, हे मला कधी कोण सांगणार होतं?

मग त्यांनी गोठा दाखवला. "सांडू म्हनला इकू नका. त्याला लई कळतं. आता चरवी भरून दूध हाय." एका गाईवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं. तरी त्या चरवीकडं बघत उभी राहिले.

"तुमी तिथं काय करता?" त्यांनी विचारलं.

"कागदावरचं काम," मी म्हणाले. सांडूभाऊ, तुमचं श्रेय घ्यायला मी गेले नव्हते. आपल्याला कुणीतरी ओळखावं, एवढंच वाटत होतं.

निघताना त्यांनी खरवसाचा डबा हातात दिला. "घरच्यांना द्या," म्हणाल्या. मी बरं म्हटलं. शहरातल्या छावणी भागातल्या माझ्या घरी घरचं कुणी नाही. रात्री मीच खाल्ला, सकाळीही मीच. गोड होता, पण खरवस एकट्यानं खाववत नाही.

कुणाचा डबा आपण रिकामा परत देत नाही. आज आपण दिलेले पेढे त्यात बरोबर मावतात, मी मघाशीच बघून ठेवलं. अध्यक्षांनी मला घरी सोडायला गाडी ठेवली आहे, त्याबद्दल आभार. फक्त ती घराऐवजी बसस्टँडला न्यावी.

आपण आलात, चार शब्द बोललात, मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, किंवा इतक्या वर्षांत कुणाला चुकून नंबरानं हाक मारली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. आशाबाई विचारतील, घरच्यांना आवडला का. या वेळी मी सांगणार आहे, की घरी मी एकटीच असते.