संगप्पाला दिलेलं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष गुरुबसप्पा सर, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, क्लासचा सगळा शिक्षकवर्ग, गावाकडून आलेली आमची मंडळी, आणि समोर दाटीनं बसलेल्या मुला-मुलींनो,

आधी माफी मागतो. माझं नाव दोनदा पुकारलं आणि दोन्ही वेळा मी हातानं खूण करून दुसऱ्यांना पुढं केलं. म्हातारा भाव खातोय असं कुणाला वाटलं असेल. तसं नाही. त्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीवर व्यंकटराव अशी चिठ्ठी आहे. तो माझा धाकटा भाऊ. देगलूरहून यायचा होता. साडेअकराची गाडी येऊन गेली, त्याच्या मागची पण येऊन गेली. आता थांबण्यात अर्थ नाही. बोलायला उशीर झाला, क्षमा असावी. हा उशीर आजच्या सकाळचा नाही, पण ते ओघात येईल.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चार दिवस वहीत लिहून काढलंय. माइक चालू आहे ना? मागं ऐकू येतं का? बरं.

आज माझ्या नातीचा, राजश्रीचा, सत्कार आहे आणि निरोपही आहे. तिनं केलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाला हैदराबादच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि तिथल्याच कंपनीत ती परवा रुजू होणार. ज्या क्लासच्या भिंतीवर डॉक्टरकीला लागलेल्या मुलांचेच फोटो लागतात, तिथं आज हिचा लागलाय. सर, हा तुमचा मोठेपणा. कारण आमची पोरगी तुमच्याकडं दोन वर्षं शिकली आणि दोन्ही वर्षं मार्कांत घसरली.

त्या दोन वर्षांत इथंच, लातूरला, दहा बाय दहाच्या खोलीत मी तिच्यासोबत राहिलो. तिची आई, म्हणजे माझी लेक इंदू, गावाकडं शेताचं बघायची. मी भाकरी करायचो, हिला क्लासला सोडायचो, आणायचो. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे आजी-आजोबा हेच करत असतील. एकदा सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "हणमंतराव, पोरगी लई खेळून राहिली मोबाइलवर. खाऊचा डबा लपवता तसा तो मोबाइल लपवा." मी पिठाच्या डब्यात लपवला. तिसऱ्या दिवशी बघतो तर पिठात पाच बोटं उमटलेली. हसा, हसा. मीही हसलो होतो.

त्याच खोलीत एका दुपारी ती म्हणाली, "आजोबा, भूकंपाचं सांगा ना." ज्यांचा जन्म नंतरचा, त्यांना ती गोष्टच असते. मी टाळत आलो होतो. त्या दिवशी तिचा रिझल्ट लागला होता, जेवत नव्हती. म्हणलं, हिचं मन दुसरीकडं लागेल. म्हणून सांगितली. पण माझी म्हणून नाही सांगितली. "आमच्या गावात एक माणूस होता," अशी सुरुवात केली.

तीच गोष्ट तिनं खेळात घातली. पुढं विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना तीन वर्षं खपून केली. ज्यांनी खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फार दूरच्या एका ग्रहावर माणसांनी वस्ती केलीय. काचेच्या घुमटाखाली घरं, बाहेर श्वास घ्यायला हवा नाही. एके दिवशी जमीन हलते आणि घरं बसतात. खेळणाऱ्यानं आपल्या घरातलं लेकरू उकरून काढायचं असतं. काढलं, की एक गाडी येते. वस्तीत तेवढी एकच गाडी. जखमींना तीच नेते आणि छत उचलायची साखळी पण तिलाच. गाडीवाला विचारतो, "अजून कुणी आहे का आत?" आतून भांडं वाजवल्यासारखा आवाज येत असतो. दोनदा वाजतं, थांबतं, परत दोनदा. पडद्यावर दोन शब्द येतात. हो आणि नाही. हो म्हटलं तर गाडी थांबते आणि मांडीवरच्या लेकराची हवा संपत जाते. नाही म्हटलं तर गाडी लेकराला घेऊन निघते.

परीक्षकांनी म्हणे लिहिलं, की अशी कल्पना त्यांनी आजवर बघितली नव्हती.

अध्यक्ष महाराज, ती कल्पना नव्हती. वहीतलं हे पान मी तीनदा फाडलं होतं. तो गावातला माणूस मी होतो.

राजश्री, मान वर कर. तुझं काही चुकलं नाही. इंदू, तू पण बसून राहा. ऐक.

माझी बायको नीलाबाई इंदू दीड वर्षाची असताना गेली. इंदूला वाढवलं माझ्या भावजयीनं, तारामतीनं. व्यंकटची बायको. आमच्याकडं त्या काळी धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नसे. एका घरात आठ वर्षं राहिलो, पण मी तिचा आवाज समोरासमोर ऐकला नाही. चहा झाला की ती पितळी गिलास उंबऱ्यावर दोनदा वाजवायची. म्हणजे, झालाय, घ्या. मी खाकरायचो. म्हणजे, आलो. आम्हा दोघांचं बोलणं एवढंच. पण त्या वाजवण्यातून मला कळायचं, आज हिचं डोकं दुखतंय, आज माहेराहून कुणी आलंय. इतकं ओळखीचं.

त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे व्यंकट बैल घ्यायला भोकरकडं गेला होता. मी अंगणात झोपलेलो, म्हणून वाचलो. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. सगळं एका जागी बसलं. उजाडल्यावर इंदूचा आवाज आला. दहा वर्षांची होती. "आबा, आबा" करत होती. मी हातानं दगड काढत राहिलो. आणि स्वैपाकघराच्या बाजूनं गिलास वाजत होता. दोनदा. थांबून परत दोनदा. मी "कोण आहे?" म्हणून ओरडलो. तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. ढिगाऱ्याखाली, छातीवर तुळई, तरी भासऱ्यानं विचारलं म्हणून बाई बोलली नाही. का बोलायचं बळच नव्हतं? हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

नऊच्या सुमाराला इंदू निघाली. पाय मोडलेला, डोक्यातून रक्त, शुद्ध हरपलेली. तेवढ्यात शेजारचा संगप्पा ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्याकडं साखळी होती. तुळई ओढायला गल्लीत तेवढी एकच. तो म्हणाला, "हणमंता, आजून कुनी हाय का आत?"

गिलास वाजत होता. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला ऐकू गेला नाही. मला गेला.

मी म्हणालो, "न्हाई. चल, पोरगी जाती माझी."

आम्ही लातूरला आलो. रस्ता गच्च भरलेला, दुपार झाली. इंदू वाचली. संध्याकाळी मी परत गेलो तेव्हा ढिगारा शांत होता. तिसऱ्या दिवशी तारामती सापडली. गिलास हातात होता. तो मी व्यंकटच्या नजरेला पडू दिला नाही.

व्यंकट आला आणि एकच विचारलं, "दादा, आवाज आला व्हता का तिचा?" मी म्हणालो, "न्हाई रे. पैल्याच दणक्यात गेली. तरास झाला न्हाई तिला."

हे वाक्य उशाला घेऊन तो एकतीस वर्षं झोपला. परत लग्न केलं नाही. देगलूरला आडतीच्या दुकानात कामाला लागला. दर सोमवारी मला फोन करायचा आणि कधीमधी स्वतःच म्हणायचा, "तरास झाला न्हाई, तेवढं बरं झालं बग दादा." मी "हाव" म्हणायचो. सांगा, दर सोमवारी मी दुसरं काय म्हणणार होतो?

तो खेळ मीही खेळलोय. राजश्रीनं कानाला ते यंत्र लावलं, हातात माऊस दिला. ती जागा आली, आणि या वेळी मी "हो" दाबलं. म्हणलं, खऱ्यात जमलं नाही, इथं तरी. गाडी थांबली. साखळी लावली. बाई जिवंत निघाली. तोवर लेकराचं अंग गार पडलं होतं. ती बाई त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या डोक्यावरचं काचेचं टोपरं पदरानं पुसत राहिली. मी कानातलं काढून फेकलं आणि स्वैपाकघरात पळालो. इंदू कणीक मळत होती. म्हणाली, "आबा, काय झालं? घामाघूम झालात." मी म्हणालो, "काही नाही, उकडतंय."

म्हणून खोटं बोलणार नाही. संगप्पा आज उभा राहिला आणि त्यानं तेच विचारलं, तर मी परत "न्हाई" म्हणेन. देवानं काय शिक्षा द्यायची ती द्यावी. पण व्यंकटनं विचारलं तेव्हा माझ्या मांडीवर कुणाचं लेकरू मरत नव्हतं. ते "न्हाई" मी फक्त स्वतःसाठी म्हणालो.

दुसऱ्या वेळी मी "नाही" दाबून बघितलं. पुढं खेळात तीस वर्षं जातात. पोरगी मोठी होते, माणसं मान देतात आणि वस्तीतल्या नळ्यांमधून ते वाजणं येत राहतं. शेवटी बाईचा नवरा येतो आणि विचारतो, "आवाज आला होता का?" परत हो आणि नाही. मी तिथं थांबलो. राजश्रीला विचारलं, "इथं हो म्हटलं तर काय होतं गं?" ती म्हणाली, "ते ज्याचं त्यानं दाबून बघायचं, आजोबा."

तीन आठवड्यांपूर्वी बक्षिसाची बातमी मोबाइलवर फिरली. त्यात खेळाचा तुकडा होता. देगलूरला दुकानातल्या कुणीतरी कौतुकानं व्यंकटला दाखवला. सोमवार नव्हता, तरी फोन आला.

"दादा, त्यो गिलासाचा आवाज पोरीनं कुटून आनला?"

"मला काय ठाव? कॉम्प्युटरात असतेत तसले आवाज."

मग म्हणाला, "हाव. असतील." त्यानंतरचे तीन सोमवार फोन आला नाही. मी केला तर उचलत नाही. निमंत्रण पाठवलं होतं, खुर्ची तुम्हाला दिसतेच आहे.

सर, तुम्ही म्हणालात की कार्यक्रमाचं चित्रीकरण होतंय. माझी एवढी विनंती आहे की हे तुमच्या नंबरवरून त्याला पाठवा. तुमचा नंबर त्याला ओळखीचा नाही, तो उघडेल.

व्यंकट, हो. आवाज येत होता. उजाडल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी ऐकला आणि ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत ऐकला. ती पहिल्या दणक्यात गेली नाही. तिला त्रास झाला. तिनं मला बोलावलं होतं आणि मी खाकरलो सुद्धा नाही. गिलास माझ्या पेटीत आहे. तुझा आहे, घेऊन जा.

राजश्री, तू ज्या पायावर उभी आहेस तो असा आहे. ओझं घेऊ नकोस, पण माहीत असू दे. हैदराबादला सांभाळून राहा, वेळेवर जेव.

अध्यक्षांनी आणि संयोजकांनी मला बोलू दिलं, मंगल प्रसंगी असलं बोलू दिलं, त्याबद्दल आभारी आहे. सत्काराच्या दिवशी तुमच्या तोंडची चव घालवली. शिकलेला नाही, कुठं काय बोलावं कळत नाही. कमी-जास्त झालं ते पोटात घाला.

आणि व्यंकट, लवकर काहीतरी कळव रे. मी अठ्ठ्याहत्तरचा झालो. शिव्या द्यायच्या असतील तर दे. बोलावंसं वाटत नसेल तर नको बोलू. नुसत्या दोन रिंगा दे आणि ठेवून दे. मला कळेल.