डब्ब्याचा मुकादम

(साकोली, १९८८. राइस मिलचं ऑफिस. दसऱ्याचा दुसरा दिवस.)

शकुनबाई : अन् हे काय लिवून राहिला तुझा कॉम्प्युटर? शिव्या देते का मले?

भोजराज : नाही आत्या. म्हणते, आत सिस्टिम नाही.

शकुनबाई : परवा होती. आता कोठी गेली? सीमोल्लंघनाले?

श्यामराव : बाई, मी म्हनतच होतो. तीस वर्सं मुनीमकी केली, माझी लेखनी कधी रुसली नाई.

शकुनबाई : लेखनी नाई रुसत श्यामराव, तुमीच रुसता. चूप बसा. भोजू, नागपुरात सहा महिने काय शिकला तू? बटन दाबाले?

भोजराज : नीट ऐक. ह्या यंत्राले सकाळी काहीच ठाऊक नसते. पडदा कोणता, अक्षरं दाबायची पाटी कोणती, छापायचं मशीन कुठं. डॉस नावाचा प्रोग्राम आधी आत जाते, तो सगळ्यांले कामाले लावते. मग आपला हिशेब.

शकुनबाई : म्हंजे हा डब्बा रोज आपलंच घर विसरते?

भोजराज : रोज. अन् डॉस त्याचा मुकादम. आपल्या मिलमधी मुकादम नाही आला तर हमाल नुसते बसून राहतात नं, तसं.

शकुनबाई : हमाल बसल्या बसल्या बिडी तरी ओढतात. हा वीज ओढते. मुकादम राहते कोठी?

भोजराज : ह्या काळ्या फ्लॉपीत. हे पाहा, काढली.

शकुनबाई : पापडाएवढी चकती, अन् तिच्याबिगर एवढं धूड उठत नाई! ऐक. दुपारपर्यंत चालला नाई तं आसगावले जा, बापाच्या धानात. उद्या गादीवर श्यामराव बसतीन.

भोजराज : बाबा घरात घेणार नाही आत्या. भांडून आलो आहे.

शकुनबाई : मंग चालव.

श्यामराव : भोजराज, त्या चकतीवर लाल काय दिसते?

भोजराज : कुठं? अरे... हे तं कुंकू! फटीतून आतपर्यंत गेलं. अन् तांदळाचा दाणा.

शकुनबाई : अन् तू तशीच डब्ब्याच्या तोंडात कोंबली? घास घालतानी मानूस पायते.

भोजराज : काल पूजेत कोणी ठेवली ही?

श्यामराव : बाई, तुमीच तं...

शकुनबाई : मीच. विळा पूजला, तराजू पूजला, मोटरचा पट्टा पूजला. हेच काहून सोडू? तूच म्हनला होता, डब्ब्याचा जीव ह्याच्यात आहे. जिथं जीव, तिथं बोट लावलं.

भोजराज : तू? तू तर उठता बसता त्याले डब्बा म्हणते.

शकुनबाई : डब्बाच आहे. पन माझ्या मिलमधला आहे. दुसरी चकती काढ.

भोजराज : दुसरी... नाही. नक्कल करायची राहून गेली.

शकुनबाई : काय? अरे, बियाण्याचं धान आपन दोन ढोल्यांत ठेवतो. एकीत उंदीर शिरला तं दुसरी राहते. तुझ्या आजीले समजत होतं हे. अन् तू सर्टिफिकेट टांगून बसला!

भोजराज : शिकवलं होतं आत्या. पहिल्याच दिवशी. मले वाटलं, इथं कोण हात लावते.

श्यामराव : मंग बाई, मी गादी झटकू का?

शकुनबाई : बसा म्हनलं नं. भोजू, नागपूरची गाडी कितीले आहे?

भोजराज : साडेअकराले.

शकुनबाई : निंघ मंग. दोन आन. एक तुझ्यापाशी ठेव.

भोजराज : अन् दुसरी?

शकुनबाई : माझ्या पेटीत. तिले मी बोट लावनार नाई.