चनबसाप्पाची मुलाखत

अवो, तपासायला न्हाई, औषध द्यायला न्हाई... बोलायला बोलावलं, नुसतं बोलायला! आता तुम्हीच सांगा, आमच्या चनबसाप्पाला हे पटणार हाय का? पेठ वडगावात भांड्यांचं दुकान त्याचं. दोन्ही हातांवर सोरायसिस, कातडीचं पापुद्रं निघत्यात, खाजवून जीव नकोसा... आणि कोल्हापूरच्या दवाखान्यातनं फोन, "काका, आमच्या एका अभ्यासासाठी, ह्या आजारासोबत जगणं कसं असतं, ते ऐकायचंय." ऐकायचंय? कातडी बघायची असती का ऐकायची? बायकोला म्हणाला, "शांतव्वा, ह्यात काय तरी हाय!"

तरी गेला, तिला घेऊन. आत डॉक्टर वर्षाराणी, पोरगीच की! तिनं चहा दिला. दवाखान्यात चहा? ह्यात काय तरी हाय! मग टेबलावर रेकॉर्डर ठेवून म्हणती, "तुमचं नाव कुठंच येणार नाही." झालं! नाव लपवायचं म्हंजे पोलिसांचंच काम! ह्यानं बाह्या मनगटापतोर ओढल्या. व्हय, न्हाय, व्हय, न्हाय. पोरगी बी गप. नुसती बघत बसली. अवो, दुकानदार माणूस, किती येळ गप बसणार?

...आणि सुटला की! "बाई, गिऱ्हाइकं माझ्या हातातनं तांब्या घेत न्हाईत, 'तिथंच ठेवा' म्हणत्यात. नातीच्या बारशाला पाळण्यापाशी गेलो न्हाई. 'उकडतंय' म्हणून बाहेर बसलो... उकडत नव्हतं, बाई." तुम्हाला सांगतो, हे मला सांगताना बी त्यानं बाह्या खाली ओढल्या.

बाहेर आला तो हलका होऊन. तर पोरगी म्हणती, "आता काकूंशी बोलते. एकट्यांशी." आणि दार बंद! आतनं हसणं आलं. मग हुंदका. मग परत हसणं! ह्यात काय तरी हाय! ह्यानं दाराला कान लावला, तर नर्स खेकसली, "ओ पावणं, सरका तिकडं!"

शांतव्वा आली, डोळं लाल.

"काय सांगितलंस?"

"ते सांगायचं नसतंय."

"अगं, मी नवरा हाय!"

"म्हणूनच."

आणि एसटीत तिनं चारचौघांत त्याचा हात आपल्या हातात घेतला, तो वडगाव येईस्तोवर सोडला न्हाई. का धरला असंल? ह्याला झोप न्हाई! शेवटी डॉक्टरला फोन लावला.

"काका, तसं सांगता येत नाही. अभ्यास छापून आला की वाचा."

"कवा येणार?"

"वर्ष-दोन वर्षं लागतील. इंग्रजीत असतो."

आता काय करतो? बायको शेजारी बसून शेंगा सोलती... आणि हा दुकानात इंग्रजी शिकतोय!