अर्ध्या तुला, अर्ध्या मला

–नाही हो सिस्टर, एकही गोळी चुकवली नाही मी. मोजा ना, खुशाल मोजा. आमच्या ह्यांना ब्लडप्रेशरच्या गोळीची आठवण मलाच करावी लागते, पण माझं काम मेलं चोख. त्रास? छे! तोच तर घोटाळा होता – म्हणजे घोटाळा नाही, आपली बोलायची पद्धत. आधी कित्येक महिने मला काही म्हणजे काहीच झालं नाही. झोप गाढ, भूक कडकडून. आणि तिकडे आमची धाकटी घामाने नुसती निथळतेय, भर थंडीत पंखा लावून बसतेय, तिचा नवरा स्वेटर घालून जेवतोय! मग कळायला काय अक्कल लागते? तिला खरी गोळी, मला खडूची.

धाकटी म्हणजे माझी बहीण हो. ती तिच्या गावच्या हॉस्पिटलात जाते, तिथेही हीच चाचणी चालू आहे ना – आई कॅन्सरने गेली, मावशीही त्यानेच गेली, म्हणून दोघींनी नावं दिली. होऊच नये असं औषध शोधतायत म्हणे, तर शोधा म्हटलं आमच्यावर. आणि डॉक्टर काय म्हणाले? कुणाला खरी, कुणाला खोटी, आम्हालाही ठाऊक नाही. म्हटलं, वा, छान! तर एका रविवारी धाकटी आली जेवायला, गोळ्यांची बाटली घेऊनच. म्हणाली, ताई, मी एकटी वाचून काय करू, भांडायला कोण उरेल मला? आणि लागली रडायला. मग मी बिस्किटांचा डबा धुऊनपुसून घेतला, दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या, खडखड हलवल्या आणि अर्ध्या-अर्ध्या भरल्या. दिसायला सारख्या, कडूही सारख्याच – चाटून बघितल्या ना आम्ही! आता दोघीही घामाघूम, दोघींचे नवरे स्वेटरमध्ये, कसं अगदी छान –

सिस्टर? लिहिता लिहिता का थांबलात? अहो, ती तर दुसऱ्या हॉस्पिटलातली, तुमचा तिचा काय संबंध?... काय? सगळ्या हॉस्पिटलांची मिळून एकच चाचणी? अगं बाई! म्हणजे आम्ही इथलंही आणि तिथलंही बिघडवलं – अहो, मला काढा चाचणीतून! मी थोरली, डबाही माझाच. पण तिला नका हो काढू. आणि तिला खरीच द्या. ठाऊक नसेल तर विचारा कुणाला तरी, एवढी शिकलेली माणसं आहात, कुणाला तरी ठाऊक असेलच की!... तिला आत बोलवू? हो, आलीये ना, बाहेर बाकावर बसलीये. पण तुम्हीच सांगा तिला, मी नाही बाई. दारातच बजावलं होतं तिने – ताई, आत जाऊन रक्त दे, तोंड उघडू नकोस.